सटवाईचा कागद

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर पावसानं ओढ दिली आणि जांभळखेडच्या माळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मिरची फुलावर आलेली, वांग्यानं नुकती कळी धरलेली, आणि विहिरीत मोट पुरती बुडेल एवढंही पाणी नाही. हिंमतराव उजाडायच्या आधी बैल मोटेच्या धावेवर आणायचा. दोन-चार वाफे भिजले की विहिरीचा तळ दिसायचा. मग पाणी साठेस्तोवर तो मोट रिती होते त्या थारोळ्याच्या दगडावर बसून विहिरीत बघत राहायचा. त्याला पाण्याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं, आणि नेमकी त्याच दिवसांत त्याची धाकटी बहीण शालू बाळंतपणाला माहेरी आली.

शालूला लोणारकडे दिली होती. दोन वेळा तिचा गर्भ गळून गेला होता, आणि आता सासरची माणसं नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची भाषा उघडपणे करू लागली होती. बैलगाडीतून उतरली तेव्हाच तिनं भावजयीचा हात धरला आणि सोडायला तयार होईना. ती म्हणाली, "वहिनी, हे लेकरू मले पाह्यजे. बाकी काई नाई मांगत."

भावजय म्हणजे अन्नपूर्णा, जांभळखेडची नर्सबाई. सातवी पास होऊन, बापाच्या हातापाया पडून तिनं सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि लग्नानंतर सासरच्याच गावाला तिची नेमणूक झाली. चावडीशेजारच्या एका खोलीला सरकार उपकेंद्र म्हणायचं. नोकरीला पांढरं पातळ नेसावं लागे, आणि सासू गोजरबाई म्हणायची, माह्या लेकाच्या जितेपनी पांढरं नेसून ह्या उंबऱ्याभायेर पाय टाकायचा नाई. म्हणून ही बाई रोज हिरवं लुगडं नेसून घरातून निघायची, उपकेंद्रात जाऊन दार लोटून पांढरं नेसायची, आणि सांजेला परत हिरवी होऊन घरी यायची. गावाला त्याची इतकी सवय झाली होती, की नर्सबाई ड्युटीवर आहे की नाही हे तिच्या लुगड्यावरूनच ठरायचं.

आता सुईणपणा, भाकरी, मळ्यातलं खुरपण आणि चार वर्षांची लेक एवढं सगळं सांभाळून माणसानं गप्प झोपावं. पण अन्नपूर्णेला लिहिण्याचं वेड होतं. बाळंतिणीच्या उशाशी बसून जे कानावर पडे, ते तिच्या डोक्यात घोळत राही आणि कागदावर उतरल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घरी लिहायची सोय नव्हती. गोजरबाईच्या राज्यात हात रिकामा दिसला की त्यात झाडू नाहीतर विळा यायचाच. म्हणून दुपारी दुधाची पावडर वाटून झाली, बायका पांगल्या, की ती उपकेंद्राचं दार अर्धं लोटून तासभर लिहायची. आदल्या साली तिची एक कथा नागपूरच्या मासिकात छापून आली होती. हिंमतरावानं तो अंक मोताळ्याच्या बाजारात चार हॉटेलांतून फिरवला. लोकांनी त्यातल्या जाहिरातींची चित्रं पाहिली आणि अंक परत दिला. तरी हिंमतराव आठवडाभर खुशीत होता. यंदा संपादकांनी दिवाळी अंकासाठी दुसरी कथा मागवली होती, आणि ती वेळेत गेली पाहिजे या काळजीनं अन्नपूर्णा भाकरी थापतानासुद्धा मनातल्या मनात वाक्यं फिरवत असायची.

तिच्या पेनाला गावात मोठा मान होता, पण तो लिहिण्यासाठी नव्हे. मूल जन्मलं की पाचवीच्या रात्री सटवाई त्याच्या कपाळी नशीब लिहायला येते. तिच्यासाठी पाट्यावर हळदकुंकू वाहून एक कोरा कागद आणि लेखणी ठेवावी लागते. गावात पेन कुणाकडे? शाळामास्तर मोताळ्याहून सायकलवर यायचा आणि दिवस मावळायच्या आत पेन खिशाला लावून परत जायचा. राहता राहिली नर्सबाई. घराघरातून निरोप यायचा, पेन द्या अन् एक कोरा ताव द्या. ती देत असे. दुसऱ्या दिवशी पेन परत यायचं आणि त्याच्यासोबत कागदही यायचा. सटवाईनं लिहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि कोरा कागद घरात ठेवून करायचं काय, असा बायकांचा सरळ हिशोब होता.

ते कागद अन्नपूर्णेनं आधी निराळे जपले. मग एकदा कथा ऐन रंगात असताना तिचे कागद संपले. मोताळ्याचा बाजार चार दिवसांवर. तिनं कुंकवाची बोटं उमटलेला एक ताव ओढला आणि लिहून टाकलं. पुढे तसं होतच गेलं. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं, पण विचारतं कोण?

शालू सकाळच्या वेळी मोकळी झाली. अन्नपूर्णेनं चुलीवर कात्री आणि दोरा खळखळ उकळून घेतले, दंडापर्यंत हात धुतले, आणि पोरगा बाहेर आला तो ठणठणीत ओरडतच. गोजरबाईनं त्याचं तोंड पाहिलं आणि कानशिलावर बोटं मोडली. हिंमतराव मोट तशीच सोडून मळ्यातून धावत आला आणि दाराबाहेर उभा राहून विचारू लागला, बहीण कशी आहे म्हणून. शालूला हसावं की रडावं कळेना. अन्नपूर्णेनं नाळ बांधली, वर जांभळं औषध लावलं, पट्टी गुंडाळली, आणि सासूला बजावून सांगितलं, की बेंबीला कुणी हात लावायचा नाही आणि राख तर अजिबात लावायची नाही. गवऱ्यांच्या राखेत काय काय असतं ते तिनं समजावून सांगितलं. गोजरबाई म्हणाली, बरं बाई, तुम्ही शिकलेल्या. पण तिचं तोंड वाकडं झालं होतं. तिनं आपल्या सगळ्या लेकरांच्या बेंबीला राखच लावली होती.

दोन दिवस अन्नपूर्णेनं स्वतः पट्टी सोडून पाहिली. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या गावाहून उन्हातून चालत आली, तेव्हा दुपार कलली होती. गोजरबाई ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. "पाह्यलं म्या, चांगलं हाय," ती म्हणाली. "पट्टी बदलली. जाय तू तुह्या कामाले."

अन्नपूर्णेला आनंद झाला. तिचे पाय भरून आले होते, आणि डोक्यात कथेचा शेवट घोटाळत होता. पट्टी सोडून बघणं, परत बांधणं, हात धुणं, यातला वेळ तिला आयता मिळाला. ती तशीच उपकेंद्रात गेली आणि दिवस मावळेपर्यंत लिहीत बसली. इतकं चांगलं ती आजवर कधी लिहू शकली नव्हती. घरी परतताना ती गुणगुणत होती.

पट्टी सासूच बघत राहिली आणि पाचवी झाली. तिचंच पेन आणि तिचाच कागद, यावेळी तिच्याच घरात. दुसऱ्या दिवशी टपाल जायचं होतं आणि कथेचा शेवट लिहायला शेवटचा ताव हवा होता. सगळं घर धुंडाळलं तरी कोरा कागद नव्हता. देवळीत सटवाईचा कागद दिसला. सवयीनं तिनं हात घातला आणि थबकली, कारण हा घरचा होता. तिनं बाजेवरच्या शालूला विचारलं, घेऊ का? शालू लेकराला पाजत होती. ती त्या दिवसांत सगळ्या जगावर खूश होती.

"घे ना व वहिनी. त्याच्यावर काय लिवलेलं दिसते?"

अन्नपूर्णेनं कथा पुरी केली आणि पाकीट टपालवाल्याच्या हाती दिलं.

त्यानंतरच्या सकाळी लेकरानं स्तन तोंडात धरला नाही. शालूला वाटलं, पोट भरलं असेल. दुपारी पुन्हा तेच. ओठ आवळलेले, कपाळाला आठ्या, आणि जरा धक्का लागला की सगळं अंग ताठ. अन्नपूर्णेला उपकेंद्रातून बोलावून आणलं. दारातूनच तिनं ते तोंड पाहिलं आणि ती धावत लेकरापाशी गेली. तिनं पट्टी सोडली. बेंबीत राखेचा पापुद्र्यासारखा थर बसला होता, ओलसर, करडा. तिनं मान वर केली. गोजरबाई समोरच उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता.  अन्नपूर्णेनं राख पुसून काढली, पट्टी पुन्हा गुंडाळली आणि हिंमतरावाला गाडी जुंपायला सांगितलं.

मोताळ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खडक आणि चाकोऱ्या. गाडीला हिसका बसला की लेकरू आखडायचं, म्हणून शालू त्याला हातांवर उचलून धरायची. दमली की गोजरबाई धरायची. हिंमतराव बैलांना ओरडतही नव्हता, आवाजानं लेकरू दचकेल म्हणून. आभाळ पांढरं फटक पडलं होतं.

मोताळ्याला डॉक्टर तरुण होता. त्यानं लेकराचं तोंड उघडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. धनुर्वात, तो म्हणाला. त्यानं अन्नपूर्णेकडे पाहिलं. घरात शिरताना नेसलेलं हिरवं लुगडंच तिच्या अंगावर होतं, तरी त्यानं ओळखलं. नाळेला काय लावलं होतं, असं त्यानं विचारलं.

बाकावर गोजरबाई बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते आणि नजर जमिनीवर होती. तिच्या शेजारी शालू. अन्नपूर्णेला एवढंच कळलं, की आता जे तोंडातून निघेल ते ही मुलगी जन्मभर विसरणार नाही. आई आणि लेक पुन्हा एका ताटात जेवणार नाहीत.

"काही नाही," ती म्हणाली. "नाळ मीच कापली. औषधही मीच लावलं."

मग डॉक्टरचा तोल सुटला. कात्री नीट उकळली नसेल, हात धुतले नसतील, तुम्हा बायकांना शिकवून उपयोग काय, असं तो बोलत गेला. बाहेरच्या बाकांवरचे लोक माना वळवून बघू लागले. अन्नपूर्णा मान खाली घालून ऐकत राहिली. त्यानं लेकराला सुई दिली आणि ताबडतोब बुलढाण्याला न्यायला सांगितलं. एसटीची वाट बघत ते स्टँडवरच्या निंबाखाली बसले असताना, गर्दीत, शालूच्या मांडीवर पोरगा गेला. गाडी आली, माणसं चढली, गाडी निघून गेली. हिंमतरावानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यात भाच्याला गुंडाळलं.

चार-सहा दिवस घरात चुलीशिवाय कुणाचा आवाज नव्हता. शालूची छाती दुधानं दाटून दगड झाली होती. अन्नपूर्णा गरम कापडानं शेकायची, दूध पिळून टाकायची. शालू पडून आढ्याकडे बघत असायची. अशीच एकदा शेकताना शालू म्हणाली, "वहिनी, तो कागद."

अन्नपूर्णेचा हात थांबला. कोणता कागद, हे विचारायची गरज नव्हती.

"सटवाईनं त्याचं लिवलं व्हतं. तू त्याच्यावर लिवलं. त्याचं मिटून गेलं."

शालू ओरडली नाही, भांडलीही नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्याच म्हनलं, घे म्हून. माह्याच तोंडानं म्हनलं." आणि मग तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि कपाळ भिंतीवर आपटायला सुरुवात केली. अन्नपूर्णा तिला ओढून धरू लागली. गोजरबाई चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. ती उठली नाही, आणि तिनं काही सांगितलंही नाही.

अशी गोष्ट घरात थोडीच राहते? दोन दिवसांत बायका उपकेंद्राच्या दाराशी आल्या. दूध घ्यायला नव्हे. पुढे दयारामची आई सोजराबाई होती, गावातली जुनी, वजनदार बाई. तिनं सरळच विचारलं, आमच्या लेकरांचे कागद कुठी हायेत? अन्नपूर्णेला खोटं बोलता आलं असतं. पण ती थकली होती. ती म्हणाली, लिहिले. नागपूरला पाठवले.

बायकांना आधी समजलंच नाही. मग समजलं. एकीनं कडेवरच्या पोराला छातीशी घट्ट धरलं. "आमच्या लेकरांचं नशीब टपालात टाकलं हो हिनं," सोजराबाई म्हणाली. कुणी हात उगारला नाही. त्या फक्त मागे सरकल्या. एक पोरसवदा बाई रडत रडत विचारत होती, की ते परत मागवता येतील का. अन्नपूर्णेनं कबूल केलं, की मागवीन. तिनं त्याच दिवशी पत्र टाकलं. उत्तर आलं, की छापून झाल्यावर हस्तलिखितं रद्दीत जातात, आणि नवी कथा मात्र फार आवडली आहे.

ती कथा फार आवडली होती, हे वाचून तिला एक क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा तिला असा संताप आला, की तिनं पेन उचलून कपाटाच्या तळाशी, पट्ट्यांच्या गठ्ठ्याखाली घालून टाकलं. हिंमतरावाला तिनं सांगितलं, यापुढे मी लिहिणार नाही. तो शेतात बांध घालत होता. त्याला खरं तर म्हणायचं होतं, की तुझी गोष्ट मला समजत नव्हती तरी अंक हातात घेतला की छाती भरून यायची. पण तसं बोलायची रीत त्याला ठाऊक नव्हती. तो म्हणाला, "तुले ठीक वाटन ते कर."

एके दिवशी दोघी सासूसुना मिरचीच्या सरीत तण काढत होत्या. उन्हानं माती विस्तवासारखी तापली होती. गोजरबाई बराच वेळ एकाच जागी खुरपं चालवत होती, तिथं तण उरलंच नव्हतं.

"अन्नपूर्णा, राखेनं झालं का व?"

अन्नपूर्णेनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारी या थोड्या दिवसांत निम्मी झाली होती. हातावरच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"नाई, आत्याबाई," ती म्हणाली. "राखेनं काय होते? माह्या लिवन्यानंच झालं असन."

गोजरबाईनं मान हलवली आणि खुरपं पुढच्या झाडाशी नेलं. अन्नपूर्णेला वाटलं, आपण एका माणसाला वाचवलं. त्या रात्री कित्येक दिवसांनी तिला झोप लागली.

पण ते बोलणं गोजरबाईच्या तोंडून गावभर झालं, आणि नर्सनं असं बोलायचं नसतं, हे तिला लवकरच कळून चुकलं. आता बायका तिला बोलवेनात. नर्सबाईची सावली पडली की सटवाईचा लेख पुसतो, असं गावानं ठरवून टाकलं. दयारामची बायको वच्छला अडली, रात्रभर अडून राहिली, तरी तिच्याकडे निरोप आला नाही. जुन्या सुईणीनं कसंबसं मोकळं केलं. मुलगी झाली. अन्नपूर्णेला सकाळी पाणवठ्यावर कळलं. तिनं उपकेंद्रात जाऊन पांढरं नेसलं, पेटी घेतली आणि बोलावण्याची वाट न बघता दयारामच्या दारात जाऊन उभी राहिली.

आत बायका बसल्या होत्या. गोजरबाईही होती, शेजारधर्म म्हणून आलेली. वच्छला बाजेवर पांढरी पडली होती. लेकरू सोजराबाईच्या पायांवर, आणि तिच्या हातात पळी, पळीत चाळलेली राख.

अन्नपूर्णा उंबऱ्यातूनच म्हणाली, की ते लावू नका. कापूस आणि औषध मी आणलंय, माझा हात नको असेल तर तुम्हीच लावा, पण राख लावू नका.

सोजराबाईनं पळी खाली ठेवली नाही. ती शांतपणे बोलली, आणि तेच जास्त जिव्हारी लागलं.

"तुमच्या घरी कुठी राख लावली व्हती नर्सबाई? तुमचाच कापूस, तुमचंच औषध. तरी गेलं ना लेकरू? तुमीच म्हनता, लिवन्यानं गेलं म्हून. मंग राखेनं आमचं काय वाईट केलं, ते सांगा."

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. अन्नपूर्णेनं तोंड उघडलं आणि तिची नजर गोजरबाईवर गेली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. अन्नपूर्णेनं ते वाक्य गिळलं. "नका लावू," ती पुन्हा एवढंच म्हणाली. "पाया पडते तुमच्या." आणि ती खरोखरच वाकली.

सोजराबाईनं पळी तिरपी केली.

"थांब, सोजरे."

गोजरबाई भिंत धरून उठली होती.  तिनं पुढे होऊन सोजराबाईच्या हातातली पळी घेतली. थोडी राख लुगड्यावर सांडली.

"लावली व्हती," ती म्हणाली. "म्या लावली. ही नाई म्हनत व्हती, ही घरी नसतानी म्या लावली. बेंबी वली दिसली म्हून. हिनं पाह्यलं अन् कोनाले सांगतलं नाई. डाक्टरच्या शिव्या खाल्ल्या, तरी सांगतलं नाई." ती दम घ्यायला थांबली. "माहे दोन असेच गेले व सोजरे. तुले ठावं हाय. तोंड आवळून, अंग आखडून. आपन सटवाई सटवाई करत बसलो. त्याईलेही म्याच राख लावली व्हती. चांगली चाळून चाळून लावली व्हती."

 वच्छलानं बाजेवरून हात लांब करून लेकराला ओढलं आणि अन्नपूर्णेपुढे धरलं.

अन्नपूर्णेनं हात धुतले. बेंबी पुसली, औषध लावलं, पट्टी बांधली. तिचे डोळे सारखे भरून येत होते आणि पट्टीची गाठ दिसत नव्हती. वर पाहिलं तर गोजरबाई घरात नव्हती.

गावानं गोजरबाईला काही म्हटलं नाही. सोजराबाईनं स्वतः गल्लीत तीन-चार घरी राख लावू नका म्हणून सांगितलं. नर्सबाईला पुन्हा बोलावणी येऊ लागली. पण शालूच्या कानावर ती गोष्ट दिवस मावळायच्या आतच गेली. तिनं आईला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं. गोजरबाईनं तिच्यासाठी भाकरी केली होती, ती तिनं घेतली नाही. हिंमतराव गाडी जुंपून उभा होता, तो खाली मान घालून बैलांच्या पाठी थोपटत राहिला. निघताना शालू अन्नपूर्णेजवळ आली आणि म्हणाली, की वहिनी, तुला ठाऊक होतं तर त्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटत होते तेव्हा तरी सांगायचं होतंस. अन्नपूर्णेनं तिचं गाठोडं उचलून गाडीत ठेवलं. गाडी वळणापर्यंत गेली तरी शालूनं मागे पाहिलं नाही. गोजरबाई ओट्यावर खांब धरून उभी होती, गाडीची धूळ बसली तरी उभी होती.

पाऊस पुढे आला, उशिरा आणि थोडासा. मिरची निम्मी हाती लागली. दिवाळीचा अंक आला तो हिंमतरावानं मोताळ्याहून आणून मुकाट्यानं फळीवर ठेवला. अन्नपूर्णेनं तो उघडला नाही.

थंडीत कांद्याची रोपं लावायची वेळ आली. ओल्या वाफ्यात दोघी ओणव्या होऊन रोपं टोचत होत्या. पाय चिखलात बधिर झाले होते. गोजरबाई अलीकडे क्वचितच बोलायची. लोणारकडून कुणी आलं की लेकीचं विचारायची, आणि तिच्यासाठी काही निरोप नाही हे कळलं की पुन्हा गप्प व्हायची.

"तू लिवत नाईस आता," ती म्हणाली.

"नाई."

"कागद आनाले सांगू का हिंमतले?"

अन्नपूर्णेनं सुनेच्या नात्यानं नव्हे, लेकीच्या मायेनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारी रोपांची जुडी सोडत होती. बोटांना माती लागली होती, तशाच बोटांनी ती डोळे पुसत होती.

"लिव तू. पन एक आयक. माहं नोको लिवू, बाई. लोक वाचतीन, शालूच्या सासरचे वाचतीन. तेवढं नोको लिवू. दुसरं काई लिव."

"हाव, आत्याबाई," अन्नपूर्णा म्हणाली. "दुसरं लिवीन."

हिंमतरावानं खरंच कागद आणून दिले, चांगले जाड, रेघांचे. उपकेंद्राचं दार अर्धं लोटून ती कितीदा तरी बसली. कुठल्याही बाईचं लिहायला घेतलं, की पानाच्या तळाशी येईतो त्या बाईच्या हातात राखेची पळी यायची. मग ती तो कागद फाडायची आणि कात्री उकळायच्या चुलीत घालायची. गोजरबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली. अन्नपूर्णेनं तिला दिलेला शब्द पाळला, आणि दुसरं काही तिला कधीच लिहिता आलं नाही.